आधी आईच्या हातावर

पूर्वी आमच्या खाणवस्तीत कोणत्या घरातलं लेकरू लशीच्या कितव्या सुईवर आहे, हे रस्त्यानं चालता चालता कळायचं. प्रत्येक दाराच्या उजव्या चौकटीवर हिरव्या ऑइलपेंटचे ठिपके असायचे. एका लेकराची एक ओळ, एका सुईला एक ठिपका. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवून डब्याच्या तळाशी उरलेला रंग गॅरेजवाला मला देऊन टाकायचा. त्यात काडी बुडवून मी ठिपका काढायचे.

त्या ठिपक्यांवरून हापशावर रोज भांडण व्हायचं, आणि मला ते हवंच असायचं.

"काय गं कौशे, शेजारणीच्या दारावर पाच झाले, तुझ्या दारावर तीनच? दोन ठिपके नवऱ्यानं पुसले की काय?"

"नवरा पुसतोय कशाला? तो घरी असतोय तरी का?" कौशी म्हणायची. पण पुढच्या बुधवारी लेकराला कडेवर घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

वस्ती लातूरपासून अकरा कोसांवर, दगडाच्या खाणींच्या कडेला. माणसं दगड फोडायला आली आणि राहिली. दवाखाना लांब, एसटी फाट्यापर्यंतच. आमच्या घरातल्या बायका पिढ्यान् पिढ्या गोंदायचं काम करत आलेल्या. मीही तेच करत होते. देवकुळे सिस्टर पहिल्यांदा वस्तीत आल्या, तेव्हा त्यांना एकाही घराचं दार उघडं मिळालं नाही. गळ्यात थंड पेटी अडकवून त्या उन्हात उभ्या होत्या. समोरच्याच झोपडीत मी एका पोरीच्या हनुवटीवर गोंदत होते, आणि पाच-सहा बायका लेकरं घेऊन पाळीची वाट बघत बसल्या होत्या.

सिस्टर दारातून म्हणाल्या, "बाई, तुमची सुई यांना चालते आणि माझी का चालत नाही?"

मी म्हणाले, "तुम्ही एकदम लेकराला टोचताव. आमच्यात तसं नसतंय."

आमच्यात लेकीला गोंदायच्या आधी आईच्या मनगटावर एक ठिपका गोंदायचा. लेकरू बघतं, आई रडत नाही, मग तेही हात पुढं करतं. ज्या बाईच्या मनगटावर जितके ठिपके, तितक्या तिच्या लेकी. लशीच्या वेळी आईला टोचायची काही गरज नव्हती आणि सिस्टर ते करूही देणार नव्हत्या. मग मी एक युक्ती काढली. सुईचं प्लास्टिकचं टोपण काढलं की ते आधी आईच्या मनगटावर दाबायचं. दाबल्यावर गोल वळ उठायचा. आई हसायची, म्हणायची, "बघ, काही होत नाही." मग सिस्टर लेकराला टोचायच्या.

पहिले काही महिने सिस्टर कुरकुरल्या. "अनसाबाई, हा काय पोरखेळ?" नंतर त्याच टोपण काढून माझ्या हातात द्यायला लागल्या. असं आम्ही पंचवीस वर्षं केलं. मला अक्षरं एक्कावन्नाव्या वर्षी आली, नोंदींची वही मिळाली, पण वस्ती ठिपकेच वाचायची. वही एकट्या माझ्यापुरती होती.

मग पट्टी आली.

पट्टी म्हणजे नखाएवढा चौकोन, खालच्या अंगाला शंभर सुया. त्या इतक्या बारीक की बोट फिरवलं तर मखमल वाटावी. सुया लोखंडाच्या नव्हत्या, साखरेसारख्या विरघळणाऱ्या पदार्थाच्या होत्या आणि लस त्यातच वाळवलेली होती. म्हणून थंड पेटी नको, बर्फ नको, सिस्टर नको. वैशाखात पत्र्यावर ठेवली तरी लस खराब होत नसे. पट्टी दंडावर दाबली की सुयांची टोकं मोडून कातडीत राहायची आणि तिथं हळूहळू विरघळायची. लेकराला मुंगी चावल्याइतकंही कळत नसे.

लशीबरोबर त्या टोकांमध्ये रंगाचे कणही असत. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. टीव्हीच्या रिमोटमधून जसा आपल्याला न दिसणारा उजेड निघतो, तसा उजेड त्यांच्यावर पाडला की ते चमकतात आणि वाचणीयंत्राच्या काचेत ठिपक्यांचं फूल उमटतं. प्रत्येक पट्टीचं फूल निराळं, म्हणजे कोणती लस, कोणती पट्टी, सगळं कातडीतच लिहिलेलं. कागद हरवला तरी चालेल. शिकवायला आलेल्या साहेबानं हे सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, "म्हंजे गोंदणच की हो, फक्त न दिसणारं." तो हसला. मला मात्र ते फार आवडलं होतं.

शाळेच्या भिंतीला एक पेटी बसवली. आईनं लेकराचा नंबर सांगितला की पेटीतून पाकीट बाहेर यायचं. पाकीट फाडलं की त्यातली चकती वर खबर द्यायची आणि त्या लेकराची नोंद पूर्ण व्हायची. कातडीवरचं फूल वाचायचं ते वर्षाकाठी एकदा, शिबिरात, आणि ते शिबिर आमच्या वस्तीपर्यंत कधी आलंच नाही. दारोदार जाणाऱ्या बायकांची आता गरज उरली नव्हती. मला एक शाल मिळाली. शिकायला दिलेलं वाचणीयंत्र परत न्यायला कुणी आलं नाही. ते मी सुयांची जुनी टोपणं साठवलेल्या डब्यात ठेवून दिलं.

दुसऱ्या वर्षी लसीकरणाच्या सरकारी नकाशावर आमची वस्ती हिरवी झाली. शंभर टक्के. दारावरचे माझे ठिपके तोवर उन्हानं विटून गेले होते.

त्या मार्चमधला तो मंगळवार. दुपारी मी सुगंधाकडं ताक प्यायला गेले होते. सुगंधा याच वस्तीत जन्मलेली, याच वस्तीत दिलेली, कौशीची सून. वस्तीतली बारावी झालेली पहिली बाई. पाकिटातला सूचनांचा कागद तिनंच हापशावर सगळ्या बायकांना वाचून दाखवला होता. तिची दहा महिन्यांची शेवंता घोंगडीवर बसून वाटी आपटत होती.

सुगंधा म्हणाली, "रविवारी दुपारी वीटभट्टीवर गेले होते, ताईकडं. तिच्या पोराला ताप होता, आज फोन आला, अंगभर पुरळ उठलंय. गोवर आहे म्हणं."

"शेवू होती संग?"

"त्याच्या मांडीवरच खेळत होती. पण हिची पट्टी झालीय की, गेल्याच महिन्यात."

मला कशाची शंका आली असं नाही. खरं सांगायचं तर मला ते फूल बघायचं होतं. कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. घरी जाऊन यंत्र आणलं, पदर शेवंताच्या दंडावर ओढून अंधार केला आणि काच धरली.

काही नाही. मी यंत्राचं बटण पुन्हा दाबलं. दुसरा दंड बघितला, मांडी बघितली. काच काळीच.

"यंत्र जुनं झालंय," सुगंधा म्हणाली आणि लेकराला सावरायला तिनं हात पुढं केला. तिचं मनगट काचेखाली आलं आणि एक फूल लखलखलं. त्याच्या शेजारी दुसरं, थोडं फिकं. ते शेवंताच्या थोरल्या भावाचं असणार.

आम्ही दोघी त्या काचेकडं बघत राहिलो.

"सुगंधे, पट्टी कशी लावलीस?"

"कशी म्हंजे? तू लावायचीस तशी. आधी माझ्या हातावर दाबली, मग तिच्या..." आणि ती तिथंच थांबली.

टोपण कितीही वेळा दाबा, टोपणच राहतं. पट्टी एकदाच लागते. पहिल्या दाबात टोकं मोडून आईच्या कातडीत गेली, लेकराला चिकटला तो नुसता कागद. आणि पाकीट फाडल्याची खबर तर वर पोचलेली.

मी तशीच उठून पुढच्या चार घरांत गेले. ताक तिथंच राहिलं. चारही घरांत तेच. आयांची मनगटं चमकत होती, लेकरांचे दंड काळे.

उपकेंद्रात डॉक्टर हिमानी कुलथे होत्या, वयानं लहान, पण ऐकून घेणाऱ्या. मी फोनवर सगळं सांगितलं. त्या आधी म्हणाल्या, "आजी, नकाशावर तुमची वस्ती हिरवी दिसतेय." मग एकदम विचारलं, "पट्टी लावताना कुणी पोटुशी नव्हतं ना?"

"नव्हतं. ते मला माहीत असतंय."

"बरं. मोठ्या बायकांना एक लस जास्त झाली तर काही बिघडत नाही. शेवंताचा संपर्क कधी आला?"

"रविवारी दुपारी."

"गोवराचा संसर्ग झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत लस दिली तर बहुतेक वेळा आजार टळतो, निदान सौम्य होतो. म्हणजे उद्या दुपारपर्यंत. पण आजी, एक अडचण आहे. ज्या मुलाची नोंद झालीय त्याला पेटी दुसरी पट्टी देत नाही. मलाही देत नाही. ती पट्टी दुसऱ्या कुणाच्या अंगावर आहे, हे मी जागेवर वाचून दाखवलं, तरच नोंद मोडते. प्रत्येक मुलामागं एक आई आणि तिचं मनगट. ती समोर आली पाहिजे."

"येतील," मी म्हणाले. सुगंधाकडं परत गेले तर दार आतून लावलेलं.

"सुगंधे, उद्या सकाळी डॉक्टरीणबाई येतायत. हात दाखवायचाय फक्त."

आतून आवाज आला, "मी नाही येत. कागद मीच वाचला होता सगळ्यांना. आता म्हणतील, शिकलेल्या बाईनं अख्ख्या वस्तीची लेकरं उघडी ठेवली. मी तिला शहरात नेते, खासगीत."

"खासगीतल्या डॉक्टरलाही तीच नोंद दिसतीय, बाई."

आत शेवंता वाटी आपटत होती.

त्या संध्याकाळी मला आठवत राहिली ती वीस वर्षांपूर्वीची सुगंधा. पाच वर्षांची असताना ती माझ्या मागून घरोघर फिरायची आणि टोपणं गोळा करायची. बाहुलीला सुई द्यायची, आणि त्याआधी ते टोपण स्वतःच्या मनगटावर दाबायची. मी कौतुकानं सगळ्यांना सांगायचे, बघा, हिला सगळं येतंय.

बुधवारी सकाळी आठला डॉक्टर आल्या. मी बायकांना हापशाजवळ बोलावलं होतं. पंचवीस-तीस जणी, लेकरं कडेवर. सुगंधा नव्हती. कौशी होती, नातवंडाला घेऊन, शेवंताला. म्हणजे पोरगी आजीकडं देऊन सुगंधा घरातच बसली होती.

मी जे झालं ते सांगितलं. आधी कुणाला पटेना. मग डॉक्टरांनी शाल पांघरून एकीचं मनगट काचेखाली धरलं आणि सगळ्या बायका शालीत डोकं घालायला धावल्या.

"अगं बया, चांदणं पडलंय की हातावर!"

"आणि माझ्या पोराला काय? कागद?"

"नुसता कागद!"

हसणं तिथंच थांबलं. एक जण म्हणाली, "कागद वाचणारी कुठंय? बारावी पास? बोलवा तिला."

"तिला कशाला बोलावताव?" मी म्हणाले. "कागदात आईच्या हातावर दाबा असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. तुम्हाला ते मी शिकवलं. पंचवीस वर्षं. पट्टी आली तेव्हा मी एक घर फिरून सांगायला पाहिजे होतं, की बायांनो, ही टोपणासारखी नाही. मला शाल मिळाली, मी घरी बसले. चूक माझी आहे. माझ्या तोंडावर बोला, पण हात दाखवा. भट्टीवर गोवर आलाय."

एक म्हातारी पुटपुटली, "पंचवीस वर्षं विश्वास ठेवला गं अनसे." ते वाक्य अजून माझ्यापाशी आहे.

तेवढ्यात सुगंधा आली. केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले. कौशीनं तिला बघितलं आणि तिची जीभ सुटली.

"आम्ही एक अडाणी. तुला तर वाचता येतंय ना? काय उपयोग झाला?"

सुगंधा सगळ्यांसमोर म्हणाली, "कागद मी वाचला, आत्या. त्यात लिहिलं होतं, पट्टी दंडावर दाबा. आणि लहानपणापासून मी बघत आले होते, की आधी आईच्या हातावर. मला दोन्ही खरं वाटलं. माझ्या लेकरानं आधी माझा हात बघावा, असं वाटलं."

कौशीनं स्वतःच्या मनगटाकडं बघितलं. तिथं मी गोंदलेले दोन हिरवे ठिपके होते, तिच्या दोन लेकींचे. मुलाच्या वेळी मी तिच्या त्याच मनगटावर टोपण दाबलं होतं, आणि तो मुलगा म्हणजे सुगंधाचा नवरा.

"ये इकडं," ती सुनेला म्हणाली. तिचा हात धरून डॉक्टरांपुढं ओढला. "आधी हिचा वाचा, मॅडम. आमच्या शेवूला दुपारपर्यंतच वेळ आहे."

पहिलं मनगट सुगंधाचं वाचलं. यंत्रानं फुलावरून पट्टीचा नंबर ओळखला, तो शेवंताच्या नावाशी जुळला, नोंद मोडली. भिंतीवरच्या पेटीतून पाकीट बाहेर आलं. तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

डॉक्टरांनी पट्टी बाहेर काढली. शेवंतानं आईकडं बघितलं आणि ओठ काढला. सुगंधानं सवयीनं मनगट पुढं केलं आणि दचकून मागं घेतलं.

मी कमरेच्या पिशवीतून डबा काढला. त्यात देवकुळे सिस्टरांच्या वेळची टोपणं होती, पिवळी पडलेली. एक घेऊन मी सुगंधाच्या मनगटावर दाबलं. गोल वळ उठला.

"बघ शेवू," सुगंधा म्हणाली, "काही होत नाही." आणि ती हसली.

पट्टी शेवंताच्या दंडावर लागली. काच धरली. फूल उमटलं.

संध्याकाळपर्यंत आमच्या वस्तीत शेहेचाळीस लेकरांपैकी अडतीस लेकरांना नव्यानं पट्ट्या लागल्या. डॉक्टर मधेच विचारत, "आजी, टोपण?" आणि मी देत होते. दुपारी कुणीतरी गॅरेजमधून हिरवा रंग आणला. मी सांगितलं नव्हतं.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. तीन लेकरांना गोवर निघालाच, कारण त्यांना लागण आधीच झाली होती. एकाला आठ दिवस शहरात ठेवावं लागलं. तो परत आला तेव्हा मी फाट्यावर उभी होते, आणि त्याच्या आईनं माझ्याशी बोलायला पुढचे दोन महिने घेतले. तो तिचा हक्क होता. शेवंताला दोन दिवस कणकण आली आणि गेली.

डॉक्टरांनी वर लिहून पाठवलं. बरीच पत्रं गेली. शेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या वस्त्यांतही मनगटं वाचली, तिथंही फुलं निघाली, कारण माझ्यासारख्या बायका तिथंही होत्या. दीड वर्षानं पाकीट बदललं. आता त्यात दोन पट्ट्या असतात. एक पांढरी, तिच्यावर सुया नाहीत, लस नाही, काही नाही. दुसरी निळी, ती लेकराची. कागदावर चित्र आहे, आधी मोठ्या हातावर पांढरी, मग छोट्या दंडावर निळी. पहिलं पाकीट आलं तेव्हा मी ती पांढरी पट्टी बराच वेळ बोटांवर धरून बसले होते. देवकुळे सिस्टर असत्या तर म्हणाल्या असत्या, अनसाबाई, तुमचा पोरखेळ सरकारी झाला. त्या जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

दारांवर ठिपके पुन्हा आले. नकाशा अजून हिरवा आहे, पण हापशावर भांडण होतं ते दारावरून. आता ते भांडण सुगंधा लावून देते.

या वर्षी म्हाताऱ्यांसाठी फुप्फुसाच्या तापाची पट्टी आली. मी एकोणऐंशीची. माझं पाकीट घेऊन सुगंधा आली, बरोबर शेवंता. ती आता सात वर्षांची आहे आणि माझ्या डब्यातल्या टोपणांवर तिचा डोळा असतो.

सुगंधानं पाकीट फाडलं आणि थांबली. पांढरी पट्टी कुणाच्या हातावर लावायची? माझी आई जाऊन साठ वर्षं झाली. मला लेकरू नाही. म्हणून तर माझ्या चौकटीवर कधी ठिपका नव्हता.

"दे इकडं," शेवंता म्हणाली. पांढरी पट्टी तिनं आपल्या मनगटावर दाबली, तोंड घट्ट मिटून माझ्याकडं बघत राहिली. मग हात झटकला.

"रडले का मी? नाही ना? चल अनसामाय, आता दंड पुढं कर."

मी दंड पुढं केला.

नंतर ती रंगाचा डबा घेऊन बाहेर गेली. ठिपका जरा पसरट आलाय, आणि तिच्या खांद्याइतक्या उंचीवर, म्हणजे बराच खाली. सकाळी दार उघडलं की मी वाकून बघते.